एस्सिटॅलोप्राम आणि अश्वगंधा: माझे अठरा महिने

१२ जानेवारी २०२५, रविवार. त्या दिवशी मी एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या औषधाची शेवटची गोळी घेतली. त्याआधीच्या अठरा महिन्यांत गोळ्यांच्या जोडीला वनस्पतींची औषधंही माझ्यापर्यंत पोचली, घरातून आणि थेट जर्मनीतूनही. काही मी लपवून घेतली, एकदा त्यातून संकटात सापडले, आणि पुढे दोन्ही डॉक्टरांना विचारून एकच औषध नीट घेतलं. मी गोंधळलेली असताना असं कुणाचं तरी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे. यातल्या मात्रा माझ्या तपासण्या बघून माझ्यासाठी ठरवलेल्या आहेत, त्या कुणी तशाच घेऊ नका.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ४४. २०२३चा मार्चअखेर संपला आणि मला वाटलं, थकलेय, झोप काढली की बरं वाटेल. पण झोपच येईना. पहाटे तीनला टक्क जाग यायची. कढईत मोहरी तडतडायची आणि पुढे काय घालायचं ते मला आठवायचं नाही. नोटांची बंडलं तीन-तीनदा मोजूनही भरवसा वाटत नव्हता. मुलीशी दोन वाक्यं बोलायची तरी अंगात त्राण लागायचं.

जूनमध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. थायरॉईड किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच दिसतो, म्हणाले. हिमोग्राम, टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व मिळून १,९०० रुपये झाले. टीएसएच २.८ म्हणजे ठीक, बी-१२ मात्र १६८, म्हणजे कमी. इंजेक्शनं सुरू झाली. पायांतला जडपणा थोडा हटला, मन जागचं हललं नाही. मग त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी नऊ दिवस माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पडून होती.

३ जुलैला, सोमवारी गेले. वेळ सहाची दिलेली, आत जायला पावणेआठ वाजले. पहिल्या भेटीचे ८०० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे ५००. नऊ प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. कमाल गुण २७, जितके जास्त तितकं नैराश्य जास्त. माझे १७ आले. नववा प्रश्न जगणं नकोसं होण्याबद्दलचा असतो. तिथे 'काही दिवस' या रकान्यात खूण करताना माझा हात थांबला, पण मी खरी खूण केली. डॉक्टरांनी त्यावर सरळ, शांतपणे विचारलं, आणि माझी परवानगी घेऊन नवऱ्याला आत बोलावलं. रात्री फारच जड झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा असंही सांगितलं. तो फुकट आहे, रात्रीही चालतो. जुलैत मी दोनदा केला. पलीकडची बाई मराठीत बोलत होती आणि तिला घाई नव्हती.

एस्सिटॅलोप्राम, आठवडाभर ५ मिलिग्रॅम, मग १०. सोबत मन शांत करणारं क्लोनाझेपाम अगदी कमी मात्रेत आणि मोजून दोन आठवडे, कारण त्याची सवय लागते. 'दोन ते चार आठवडे काही फरक वाटणार नाही, आधी त्रासच जाणवेल. तेव्हा गोळी सोडू नका,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसंच झालं. मळमळ आणि कोरडं तोंड. गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला लागल्यावर मळमळ गेली. तोंडासाठी काउंटरवर पाण्याची बाटली ठेवायला लागले.

निघताना त्यांनी विचारलं होतं, 'आणखी काही औषध, काढा, चूर्ण घेता?' मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कराडहून आत्या आली. आत्याने मला लहानाचं मोठं केलंय, तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. पिशवीतून तिने अश्वगंधाचूर्णाचं १०० ग्रॅमचं पाकीट काढलं. 'पोरी, त्या गोळ्यांनी नुसती गुंगी येती. हे घे रात्री दुधातनं, एक चमचा. आपल्या मातीतलं हाय, ह्यानं काय वाईट व्हायचं नाय.' तिच्या आवाजात एवढी काळजी होती की मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मलाही ते हवं होतं. अश्वगंधा घेणारी बाई अशक्त असते, एस्सिटॅलोप्राम घेणारी 'तसली' असते, असं माझ्या मनात कुठेतरी घट्ट बसलं होतं. मी चूर्ण स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा तांदळाच्या पिंपामागे ठेवला. नवऱ्यालाही सांगितलं नाही.

१४ ऑगस्टच्या तपासणीला गुण १३ वर आले होते. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मी पुन्हा नाही म्हटलं. या वेळी ते खोटं होतं.

गणपतीला आत्याचा मुलगा आला. तो श्टुटगार्टला असतो. आत्याने त्याला माझ्याबद्दल सांगितलं असणार, कारण बॅगेत चॉकलेटांबरोबर माझ्यासाठी एक डबी होती. 'ताई, तिकडे उदास वाटलं की लोक हे घेतात. फुलांचं आहे, केमिकल नाही.' योहानिसक्राउट, इंग्रजीत सेंट जॉन्स वर्ट. पिवळ्या फुलांचं झुडूप, युरोपात २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास फुलतं, म्हणून हे नाव. जर्मनीत ते नैराश्यावर खरोखरच वापरतात, सौम्य गोळ्या चिठ्ठीशिवायही मिळतात. त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं. फक्त मी आधीच काय घेते आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही.

२० सप्टेंबरपासून मी त्या गोळ्या सुरू केल्या. म्हणजे आता तीन गोष्टी एकत्र चालल्या होत्या.

गौरी २१ला आल्या, २३ला, शनिवारी गेल्या. शुक्रवारी जेवणाच्या पंगती उठवताना घाम थांबेना. मला वाटलं, स्वयंपाकघरातला उकाडा आणि धावपळ. शनिवारी सकाळी हात थरथरायला लागले, हळदीकुंकवाची कोयरी हातातून निसटली. दुपारी जुलाब, छातीत धडधड, एका जागी बसवेना. भीती वाटत होती, पण कशाची ते सांगता येत नव्हतं. आतेभाऊ अजून घरीच होता. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी डबीतला घडीचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, वाच. तो जर्मन वाचत वाचत एका ओळीवर थांबला. नैराश्यावरच्या इतर औषधांबरोबर घेऊ नये, असं तिथे छापलं होतं. 'ताई, तू दुसरं काही घेतेस का?' तेव्हा मी सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, गौरीच्या रिकाम्या चौरंगाशेजारी बसून.

नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवर विचारलेलं मी शब्दशः लिहिते, कारण कुणाच्या तरी कामी येईल: ताप आहे का, हातपाय ताठरलेत का, बोलण्यात गोंधळ आहे का? यातलं एकही असेल तर इकडे न येता थेट मोठ्या रुग्णालयात जा. तसं नव्हतं, म्हणून त्यांनी संध्याकाळी दवाखान्यात बोलावलं. नाडी ११२. ताप, रक्तदाब बघितला, गुडघ्यावर हातोडीने ठोकून पाय किती उडतो ते बघितलं, ईसीजी काढला. मेंदूत आणि शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन काम करतं. माझी गोळी ते वाढवते, ही फुलंही तेच करतात, दोन्ही मिळून ते प्रमाणाबाहेर गेलं. सौम्य स्वरूपावर निभावलं. जास्त झालं तर जिवावर बेततं.

त्यांनी फुलांच्या गोळ्या कायमच्या बंद केल्या, अश्वगंधाही थांबवलं. एस्सिटॅलोप्राम दोन दिवस थांबवून मग परत सुरू केलं. तीन दिवसांत थरथर गेली. सेंट जॉन्स वर्टमुळे यकृत इतर औषधं भराभर निकामी करू लागतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा परिणाम घटतो, हेही मला तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी या त्रासाची नोंद औषधांच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदणीत पाठवली. आपल्यालाही ती करता येते, १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर. औषधाचं नाव, काय झालं, कधी झालं, एवढी माहिती जवळ ठेवायची.

मी रागावून घेण्याच्या तयारीने गेले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'मला वनस्पतींचं वावडं नाही. पण मला दिसत नसलेलं औषध मी सांभाळू शकत नाही.' मग त्यांनी शंखपुष्पीची गोष्ट सांगितली. फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या काही रुग्णांना गोळ्या नियमित असूनही पुन्हा झटके येऊ लागले. ते सोबत शंखपुष्पीचं सिरप घेत होते. मुंबईच्या केईएममधल्या संशोधकांनी त्याचा छडा लावला आणि ते १९९२ साली प्रसिद्ध झालं. सिरपमुळे रक्तातलं फेनिटॉइन उतरत होतं. शंखपुष्पी आमच्या घरात परीक्षेच्या दिवसांत दरवर्षी यायची.

त्या रात्री मी मुलीची एक कोरी वही घेतली. तारीख, झोपेचे तास, काय काय पोटात गेलं, दिवस कसा गेला, एवढ्या चारच गोष्टी. पोटात गेलेलं म्हणजे सगळं: बी-१२, ॲसिडिटीची गोळी, ओव्याचा अर्कसुद्धा. पुढचे सगळे महिने ही वही दोन्ही दवाखान्यांत माझ्याबरोबर गेली.

ऑक्टोबरात मी स्वतःच डॉक्टरांना विचारलं, गोळीच्या जोडीला आयुर्वेदाचं काही घेता येईल का? झोप अजून पाच तासांपुढे जात नव्हती आणि झोपेची गोळी मला नको होती. ते म्हणाले, अश्वगंधावर अभ्यास आहेत, पण लहान आहेत, आणि ते बहुतेक ताण नि झोपेबद्दलचे आहेत. नैराश्य त्याने बरं होतं असं म्हणण्याइतका पुरावा नाही. घ्यायचंच तर प्रकृती स्थिरावल्यावर, नोंदणीकृत वैद्यांकडून, एका वेळी एकच आणि आधी यकृताची तपासणी करून.

पहिले वैद्य साताऱ्याबाहेरचे, कुणीतरी सुचवलेले. त्यांनी माझी चिठ्ठी हातात न घेताच सांगितलं की या गोळ्या पंधरा दिवसांत बंद होतील. ४,२०० रुपयांचा संच पुढे ठेवला. त्यातल्या पुड्यांवर ना घटक, ना बॅच क्रमांक. मी विचारलं तर 'घरचं औषध आहे' म्हणाले. तपासणीचे ३०० देऊन बाहेर पडले. एस्सिटॅलोप्राम असं एकदम तोडलं असतं तर माझं काय झालं असतं, हे मला पुढे गोळी हळूहळू कमी करतानाही जाणवलं. 'आधीची औषधं उद्यापासून बंद' असं कुणी म्हणालं की उठून या, मग समोर बीएएमएस झालेले वैद्य असोत की आणखी कुणी.

दुसऱ्या वैद्य पुण्यात, कायचिकित्सेत (आयुर्वेदातल्या औषधोपचारांत) एमडी. फोनवरच त्यांनी सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञांचे सगळे कागद आणा. १८ नोव्हेंबरला गेले, एसटीच्या अर्ध्या तिकिटात. तपासणी ६०० रुपये, पन्नास मिनिटं. नाडी, जीभ, पचन, पाळी, झोप सगळं विचारलं, वही पहिल्यापासून वाचली. मग आत्याच्या चूर्णावर आल्या. 'चमचा म्हणजे किती? कुणाचा दोन ग्रॅमचा, कुणाचा सहाचा.' आमचा पोह्यांचा चमचा होता. पाकिटावर मूळ लिहिलंय का, हेही त्यांनी विचारलं. अश्वगंधाचं मूळच वापरायचं, पानं नकोत, अशी सूचना आयुष मंत्रालयाने २०२१मध्ये औषध बनवणाऱ्यांना दिली आहे. घरी येऊन पाहिलं तर पाकिटावर नुसतं 'अश्वगंधा' होतं.

त्यांच्याकडून शिकलेलं आणखी एक. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, घटक, बॅच आणि तारीख असते. अश्वगंधाच्या नावाने मिळणाऱ्या गोड गोळ्यांवर मात्र बऱ्याचदा अन्नपदार्थांचा एफएसएसएआय क्रमांक दिसतो, म्हणजे ते औषध म्हणून विकलेलं नसतं. आणि ब्राह्मी. आत्याच्या कुंडीतली ब्राह्मी ही खरं तर मंडूकपर्णी, आपल्याकडे तिला कारिवणाही म्हणतात. वैद्य लिहून देतात ती जलब्राह्मी वेगळी, जाडसर बारक्या पानांची. नाव एक, झाडं दोन. मी त्यांना ब्राह्मीही मागितली होती. त्या म्हणाल्या, दोन्ही एकदम दिल्या तर गुण कुणाचा आणि त्रास कुणाचा, कसं कळणार? भस्मं, रसौषधी अशी धातू-पाऱ्याची औषधं त्यांनी आपणहूनच टाळल्या. केशराचंही विचारलं. इराणमध्ये त्यावर छोटे अभ्यास झालेत, पण खात्रीचं केशर रोज घेणं मला झेपणारं नव्हतं, तो विषय तिथेच संपला. कपाळावर तेलाची धार धरतात ती शिरोधारा सात दिवसांची सुचवली होती, रजा नव्हती म्हणून केली नाही. त्याऐवजी झोपण्यापूर्वी तळपायांना कोमट तिळाचं तेल चोळायला सांगितलं. ते माझी मुलगी चोळायची. सगळ्या उपचारांत मला सर्वांत आवडलेला हाच.

त्यांनी माझ्या डॉक्टरांना अर्ध्या पानाचं पत्र दिलं: काय, किती, किती दिवस, कशावर लक्ष ठेवायचं. २७ नोव्हेंबरला डॉक्टरांनी ते वाचून फाइलला लावलं. गुण ९ वर आले होते. यकृताची तपासणी ५५० रुपयांत, सगळं ठीक. टीएसएच पुन्हा केलं, कारण अश्वगंधाने थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं. मग १ डिसेंबरपासून मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची एक गोळी, रात्री जेवणानंतर, आठ आठवडे. महिन्याला साधारण ३५० रुपये. वैद्यांनी सावध राहायला सांगितलेल्या खुणा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्या होत्या: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, भूक मेलेली. दिसलं तर गोळी बंद आणि तडक तपासणी. अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याची क्वचित उदाहरणं आहेत.

पहिला आठवडा पोट बिघडलेलं. मग स्थिरावलं. वहीत झोप चार तास पंचेचाळीस मिनिटांवरून जानेवारीत सहा तासांवर आली. हे अश्वगंधामुळे झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच दोन महिन्यांत मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने रोज सकाळी चालायला लागले होते, समुपदेशनाच्या आठ भेटी झाल्या होत्या (प्रत्येकी १,००० रुपये, आणि मनापासून सांगते, पैसे वसूल), आणि एस्सिटॅलोप्रामला सहा महिने होऊन गेले होते. २९ जानेवारीला पुन्हा तपासण्या केल्या, सगळं ठीक. अश्वगंधा ठरल्याप्रमाणे थांबवलं. झोप सहा तासांवरच राहिली. फेब्रुवारीत गुण ४.

कागदपत्रांबद्दल थोडंसं. पतसंस्थेत औषधांची बिलं मंजूर होतात, पण आयुर्वेदाचं पहिलं बिल परत आलं. त्यावर डॉक्टरांचं नाव आणि बॅच क्रमांक नव्हता. दुकानातून बिल घेतानाच दोन्ही लिहून घ्यावं. रजेच्या दाखल्यावर निदान लिहायचं की नाही, हे मला आधी विचारलं गेलं. मी लिहा म्हटलं. साहेबांनी दाखला वाचला, घडी घातली आणि विचारलं, 'काउंटर काही दिवस बदलून देऊ का?' मी त्या प्रसंगाला महिनाभर घाबरले होते.

बरं वाटायला लागल्यावर गोळी सोडायची घाई होते. मलाही झाली. डॉक्टर म्हणाले, बरं वाटल्यापासून निदान सहा महिने, तुमच्या बाबतीत थोडे जास्तच. नोव्हेंबर २०२४मध्ये १० चे ५ केले, डिसेंबरात एक दिवसाआड ५. त्या दिवसांत मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, मुलीवर उगाच चिडायचे. वहीत लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पुन्हा रोज ५ वर आणून मग आणखी सावकाश उतरवलं. या काळात कुठलंही नवीन औषध, चूर्ण, काढा घेतला नाही. सगळं मिळून किती खर्च झाला ते मोजलं, साधारण ३६,००० रुपये, समुपदेशन धरून.

संक्रांतीला आत्याकडे कराडला गेले. सोबत स्टीलचा तो डबा नेला, घासून, कोरडा करून. ती चुलीपाशी तिळाचे लाडू वळत होती. मी वही काढली आणि तिला शेवटचं पान दाखवलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मी आणलेलंच तुला बाधलं म्हण की.' मी म्हटलं, 'आत्या, तू सांगून दिलंस. मी लपवून घेतलं.'

तिने हात पुसले आणि फळीवरून स्वतःचा औषधांचा डबा खाली घेतला. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, गुडघ्याची एक. 'आन् ज्येष्ठमधाचा काढा. करोनापासनं घेतीय, दोन टायमाला.' ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं की रक्तदाब चढतो, हे पुण्याच्या वैद्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. मी वहीचं नवीन पान उघडलं, वर आत्याचं नाव लिहिलं आणि विचारलं, 'किती चमचे?'